वालुकागिरी आणि गतकालीन हवामान

विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील सुशिक्षित वर्गात एक भीती पसरली होती. राजस्थानचे वाळवंट दरवर्षी सुमारे अर्धा मैल या वेगाने पुढे सरकत आहे आणि काही पिढ्यांनंतर ते दिल्लीच्या परिसरातील सुपीक जमीनही गिळून टाकील, असे त्या काळी बोलले जात असे. १९५२ साली या वाळवंटाचा सर्व बाजूंनी विचार करण्यासाठी शास्त्रज्ञांचा एक परिसंवाद भरविण्यात आला. वाळवंटाच्या निर्मितीचा दोष कोणी शेळ्यामेंढ्यांच्या अनिर्बंध चराईला देत होते, कोणी वृक्षतोडीला, तर कोणी नांगराला. पुढे १९६७ साली रीड ब्रायसन आणि डेव्हिड बेअराइस या अमेरिकन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, उघड्या पडलेल्या जमिनीवरून उडणारी धूळ वातावरणात साचून राहते आणि ती धूळच पावसाला अटकाव करते. म्हणजे माणसाने आधी गवत नष्ट केले आणि त्यामुळे पाऊसही गेला, असा याचा अर्थ होतो.

हे वाळवंट माणसाने निर्माण केले की हवामानाने? या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी वाळूचे वय कळणे आवश्यक होते. राजस्थानातील व उत्तर गुजरातेतील वाळूच्या टेकड्या शेती सुरू झाल्यानंतरच्या असतील, तर माणसावरील आरोपाला आधार मिळाला असता. त्या शेतीहून पुष्कळ जुन्या असतील, तर तो आरोप निदान अपुरा ठरला असता. या टेकड्यांना भूगोलाच्या ग्रंथांतून वालुकागिरी म्हणतात. राजस्थानातील लोक त्यांना धोरा किंवा टीबा म्हणतात. त्यांच्या पोटात शिरून शास्त्रज्ञांनी त्यांचे वय कसे काढले आणि त्यांतून भूतकाळातील हवामानाविषयी कोणती अनपेक्षित माहिती हाती आली, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

वाळू कशी चालते

वारा धूळ उचलतो आणि ती शेकडो किलोमीटर वाहून नेतो. वाळूचे तसे नाही. वालुकागिरीतील बहुतेक कणांचा व्यास एक-दशांश ते अर्धा मिलिमीटर असतो. एवढे जड कण वारा उंच उचलू शकत नाही. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटरच्या पुढे गेला म्हणजे कोरडे कण जमिनीवरून उसळतात, थोडे अंतर पुढे जाऊन आदळतात आणि आदळताना दुसऱ्या कणांना उसळी देतात. बहुतेक वाळू अशा उड्या मारीत जमिनीलगतच प्रवास करते. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात भटकंती करून आणि प्रयोगशाळेतील वातबोगद्यात प्रयोग करून या क्रियेचे नियम शोधले व १९४१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वालुकागिरींचा आधुनिक अभ्यास त्या ग्रंथापासून सुरू झाला असे मानले जाते.

मार्गात एखादे झुडूप, खडक किंवा उंचवटा आला की वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू तेथे साचू लागते. वाऱ्याकडील उतारावरून कण माथ्यापर्यंत चढतात आणि पलीकडच्या बाजूला घसरून पडतात. कोरडी वाळू साधारणपणे ३२ ते ३४ अंशांपेक्षा अधिक तीव्र उतारावर टिकत नाही. या घसरणीमुळे टेकडीच्या आत तिरप्या थरांची एक रचना तयार होते. टेकडी पुढे स्थिर झाली तरी ही रचना शिल्लक राहते. म्हणून जुन्या टेकडीत खंदक खणून त्या थरांचा कल मोजला, तर त्या काळी वारा कोणत्या दिशेने वाहत होता, ते सांगता येते.

वालुकागिरी तयार होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. वाळूचा पुरवठा हवा. ती हलविण्याइतका जोरदार वारा हवा. आणि जमीन झाकणाऱ्या वनस्पती विरळ हव्यात. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर टेकडी वाढत नाही. पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच साध्या विधानात आहे.

आकाराची साक्ष

टेकडीचा बाह्य आकारसुद्धा बोलका असतो. वाळू थोडी आणि वनस्पती जवळजवळ नाहीत, अशा ठिकाणी चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या होतात. त्यांची शिंगे वारा ज्या दिशेने जातो त्या दिशेकडे रोखलेली असतात. जैसलमेरच्या पश्चिमेकडील अतिशुष्क भागात अशा फिरत्या टेकड्या आढळतात.

याउलट, थोडेफार गवत व झुडपे असतील तेथे टेकडीच्या दोन्ही कडांची वाळू मुळांनी धरून ठेवली जाते आणि मधला भाग तेवढा पुढे ढकलला जातो. त्यामुळे केसांच्या आकड्यासारखी लांबट टेकडी तयार होते. हिचे हात वारा ज्या दिशेने येतो तिकडे मागे राहिलेले असतात. थरच्या वाळवंटाचा फार मोठा भाग अशा टेकड्यांनी व्यापलेला आहे. त्यांचे हात नैर्ऋत्येकडे आणि नाक ईशान्येकडे आहे. यावरून दोन निष्कर्ष निघतात. या टेकड्या घडविणारा वारा नैर्ऋत्येकडून येणारा, म्हणजे आपल्या पावसाळ्याचाच वारा होता. आणि त्या घडत असताना प्रदेश अगदी उजाड नव्हता, तेथे काही वनस्पती होत्या.

पुरलेली माती

वारा थांबला किंवा पाऊस वाढला की टेकडीवर गवत उगवते. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने वरचा थर गडद होतो. वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीतील चुना पावसाच्या पाण्यात विरघळून खाली झिरपतो व पाणी आटले की कणांभोवती जमून राहतो. हजारो वर्षे हे चालले म्हणजे वाळूत चुन्याचे पांढरट खडे व पुढे सलग थर तयार होतात. त्यांना कंकर म्हणतात. पाऊस फार असेल तर चुना वाहून जातो. अगदीच नसेल तर तो विरघळत नाही. म्हणून कंकराचा थर म्हणजे मध्यम पावसाच्या आणि स्थिर पृष्ठभागाच्या दीर्घ काळाची खूण होय. पुढे पुन्हा वाळू हलू लागली की ही माती व हा कंकर नव्या वाळूखाली पुरला जातो. वाळू, माती, कंकर आणि पुन्हा वाळू असा क्रम खंदकाच्या भिंतीवर स्पष्ट दिसू शकतो.

भारतात या पुरलेल्या मातीचे महत्त्व प्रथम ठळकपणे पुढे आले ते उत्तर गुजरातेतील लांघणज या गावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९४० नंतरच्या दशकात तेथील वाळूच्या टेकडीवर उत्खनन केले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे या त्यांच्या सहकारी होत्या. वाळूत त्यांना गारगोटीसारख्या दगडांची इवलीशी हत्यारे, प्राण्यांची हाडे आणि पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. शिकारीवर जगणाऱ्या मध्याश्मयुगीन लोकांची ती वस्ती होती. हाडांमध्ये हरणांच्या व नीलगाईच्या हाडांबरोबर गेंड्याचे हाडही होते. गेंडा हा पाणथळ गवताळ प्रदेशात राहणारा प्राणी. आज त्या भागात त्याच्या अस्तित्वाची कल्पनाही करता येत नाही. लंडनचे भूवैज्ञानिक फ्रेडरिक झॉयनर यांनी गुजरातेतील या थरांची पाहणी केली. त्यांचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९५० साली प्रसिद्ध केला. टेकडीतील पुरलेली माती ही अधिक ओलसर काळाची निदर्शक आहे, हा विचार त्यातून पुढे आला. ज्या टेकडीवर आपण उभे आहोत ती माणसाची वस्ती होण्यापूर्वीच रचली गेली होती, एवढे तर लांघणजने निर्विवाद दाखविले.

डिडवान्याचा खंदक

यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा राजस्थानातील डिडवाना येथील होय. हे गाव एका खाऱ्या सरोवराच्या काठी वसले आहे. डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद नरहर राजगुरू यांनी त्या परिसरात अनेक वर्षे संशोधन केले. राजगुरू हे मूळचे भूविज्ञानाचे अभ्यासक. महाराष्ट्रातील नद्यांच्या गाळातून प्राचीन हवामान वाचण्याच्या कामात त्यांनी आयुष्य घालविले. गावाजवळच्या एका प्राचीन टेकडीत जवळजवळ वीस मीटर खोलीपर्यंतचे थर उघडे करण्यात आले. संशोधकांच्या नोंदीत या स्थळाचे नाव '१६ आर' असे आहे आणि त्याच नावाने ते आज जगभर ओळखले जाते.

त्या भिंतीत वाळूचे आणि कंकराचे थर पुन:पुन्हा आलेले दिसतात. तळाकडील थरांत पूर्व पुराश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. त्यांच्या वर मध्य पुराश्मयुगाची आणि आणखी वर उत्तर पुराश्मयुगाची. याचा अर्थ असा की, वाळू पुन:पुन्हा आली, पुन:पुन्हा स्थिरावली आणि स्थिरावलेल्या पृष्ठभागावर माणूस पुन:पुन्हा वस्तीला आला. एका टेकडीच्या पोटात पुराश्मयुगाचे सर्व टप्पे एकावर एक रचलेले सापडावेत, ही गोष्ट दुर्मिळ होय.

परंतु क्रम कळणे वेगळे आणि वर्षे कळणे वेगळे. कार्बन-१४ ची पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी ठरते; शिवाय वाळूत कोळसा किंवा लाकूड क्वचितच मिळते. कंकरातील युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून तळाच्या थराचे वय ३,९०,००० वर्षांच्या आसपास काढण्यात आले. मात्र कंकर हजारो वर्षे थोडाथोडा साचत जातो आणि त्यात बाहेरचे जुने द्रव्यही मिसळते. त्यामुळे त्याचे वय म्हणजे वाळू आली तेव्हाचे वय असे सरळ म्हणता येत नाही. खुद्द वाळूच्या कणालाच त्याचे वय विचारता आले तर?

वाळूच्या कणातील घड्याळ

असे विचारता येते. जमिनीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही किरणोत्सर्गी द्रव्ये सर्वत्र अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांचा मारा पुरलेल्या वाळूवर अखंड चालू राहतो. क्वार्ट्झ व फेल्डस्पार या खनिजांच्या स्फटिकांत लहान लहान दोष असतात. या माऱ्यातील ऊर्जेचा काही अंश तेथे अडकून पडतो. कण जितका अधिक काळ अंधारात राहील तितकी ही साठवण वाढते. सूर्यप्रकाश लागला की ती रिकामी होते. टेकडीवरून उड्या मारीत जाणारा कण उन्हात न्हाऊन निघत असतो; म्हणून त्याचे घड्याळ शून्यावर येते. दुसऱ्या वाळूखाली तो गाडला गेला की ते पुन्हा चालू होते.

प्रयोगशाळेत हा कण तापविला किंवा त्यावर विशिष्ट प्रकाश टाकला म्हणजे साठलेली ऊर्जा मंद दीप्तीच्या रूपाने बाहेर पडते. ती मोजून कणाला एकूण किती मात्रा मिळाली ते काढतात आणि त्या जागी दरवर्षी मिळणाऱ्या मात्रेने तिला भागतात. उदाहरणार्थ, एकूण मात्रा ३० एकके आणि वार्षिक मात्रा एका एककाचा तीन-हजारावा नव्हे तर तीन-सहस्रांश, म्हणजे ०.००३ असेल, तर कण दहा हजार वर्षे अंधारात होता असे ठरते. नमुना घेताना मात्र कमालीची दक्षता घ्यावी लागते. धातूची नळी भिंतीत ठोकून वाळू अंधारातच बंद करतात आणि ती प्रयोगशाळेतील मंद तांबड्या उजेडात उघडतात. क्षणभर ऊन लागले तरी हजारो वर्षांची नोंद पुसली जाण्याचा धोका असतो.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील टेकड्यांची वये या पद्धतीने काढून १९८२ साली प्रसिद्ध केली. वाळवंटातील टेकड्यांना ही पद्धत लावण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत या कामाची गणना होते. पुढे प्रकाश टाकून दीप्ती मोजण्याची अधिक अचूक पद्धत निघाली आणि २०१० साली १६ आर या स्थळाचा नवा कालक्रम मांडण्यात आला. त्यानुसार या टेकडीत सुमारे दोन लाख वर्षांचा इतिहास साठलेला आहे. कंकरावरून काढलेल्या वयापेक्षा हा आकडा बराच लहान आहे. पण तो वाळू केव्हा येऊन पडली या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देतो.

अनपेक्षित निष्कर्ष

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. उत्तर गोलार्धाचा मोठा भाग बर्फाखाली होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. भारतात मोसमी पाऊस क्षीण झाला होता. डिडवाना सरोवराच्या तळातील गाळात त्या काळी मिठाचे थर साचलेले दिसतात. म्हणजे पाणी जवळजवळ आटून गेले होते. साहजिकच अशी अपेक्षा होती की, राजस्थानातील टेकड्यांची बहुतेक वाळू याच अतिकोरड्या काळातील असणार.

वाळूच्या घड्याळांनी वेगळेच सांगितले. थरच्या अनेक टेकड्यांतील वाळूचे थर हिमयुगाच्या ऐन भरातले नसून त्यानंतरचे, सुमारे चौदा हजार ते दहा हजार वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे टेकड्या सर्वांत अधिक वाढल्या त्या हवामान अतिकोरडे असताना नव्हे, तर पाऊस परत येऊ लागला असताना!

याचा उलगडा आरंभी सांगितलेल्या तीन अटींत आहे. थरमध्ये वाळू हलविणारा वारा म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा. तो उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस येण्याच्या आधी सर्वांत जोरात वाहतो. हिवाळ्यातील ईशान्येचा वारा त्या मानाने दुबळा असतो. हिमयुगात मोसमी व्यवस्थाच क्षीण झाल्यामुळे पाऊस गेला, तसा वाराही गेला. जमीन उजाड होती, वाळू मुबलक होती. पण ती हलविणारा हात थकला होता. हिमयुग ओसरू लागल्यावर मोसमी वाऱ्याला पुन्हा जोर चढला. वारा लवकर आला. जमीन झाकण्याइतके गवत मागाहून आले. या मधल्या अवधीत टेकड्या झपाट्याने वाढल्या. पुढे पावसाचे प्रमाण पुरेसे झाले, गवत पसरले, माती तयार झाली आणि टेकड्या स्थिरावल्या. डिडवाना, सांभर व लुणकरणसर येथील सरोवरांच्या गाळातील परागकणांचा अभ्यास गुरदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला होता. त्यानंतरच्या ओलसर काळाची साक्ष त्यात मिळते. हिमयुगात मोसमी वारा दुबळा होता याला अरबी समुद्राच्या तळावरील गाळही दुजोरा देतो. जोरदार वाऱ्यामुळे खोल पाणी वर येते तेव्हा वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे हिमयुगीन थरांत कमी आहेत.

तात्पर्य, वालुकागिरी हे केवळ अनावृष्टीचे स्मारक नव्हे. ती वाऱ्याची नोंदवही आहे. टेकडीत एखाद्या काळाची वाळू नसेल तर तो काळ पावसाचाच होता असे मानता येत नाही. वारा मंद असेल, किंवा त्या काळची वाळू नंतरच्या वाऱ्याने उडवून नेली असेल. म्हणूनच टेकडी, सरोवर आणि समुद्र या तिघांची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

इतर देशांतही प्राचीन टेकड्यांनी असे धडे दिले आहेत. उत्तर नायजेरियात सहाराच्या दक्षिणेस शेतकरी आज ज्या वाळवट जमिनीत पिके घेतात, तिचा पुष्कळसा भाग जुन्या वालुकागिरींचा आहे. म्हणजे सहारा एके काळी आणखी दक्षिणेपर्यंत पसरलेला होता. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात गुरे चरत असलेली गवताळ टेकाडे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, प्रदीर्घ अवर्षणांच्या काळात, चालती वाळू होती. हिरवे दिसणारे भूप्रदेश किती थोड्या बदलाने पुन्हा हलू लागतात, हे यावरून कळते.

मूळ प्रश्नाचे उत्तर

आरंभीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. थरचे वाळवंट माणसाने निर्माण केलेले नाही. नांगर आणि कळप यांच्या कितीतरी पूर्वी, निदान दोन लाख वर्षांपासून तेथे वाळू येत आणि स्थिरावत आली आहे. त्या आवर्तनांना मोसमी वाऱ्यांतील चढउतार कारणीभूत आहेत.

परंतु यावरून माणूस निर्दोष ठरतो असे समजणे चुकीचे होईल. टेकडीला स्थिर ठेवणारी शक्ती वनस्पतींची असते, आणि ती शक्ती आज बव्हंशी माणसाच्या हाती आहे. ज्या प्रदेशात जोरदार वारा आणि सुटी वाळू या दोन अटी आधीच पूर्ण झालेल्या आहेत, तेथे गवत खरवडून काढणे म्हणजे तिसरी अटही पूर्ण करणे होय. ट्रॅक्टरने उतारावर केलेली खोल नांगरट आणि अतिचराई यांमुळे स्थिर टेकड्यांचे माथे अनेक ठिकाणी पुन्हा हलू लागले आहेत. उलट, जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने काटेरी कुंपणाच्या ओळी, गवत आणि झाडे लावून टेकड्या बांधून ठेवता येतात हेही दाखवून दिले आहे. हवामानाने दिलेली वाळू आपण परत करू शकत नाही. ती मोकळी सोडावयाची की नाही, एवढे मात्र पुष्कळ अंशी ठरवू शकतो.

हा विषय केवळ वाळवंटात राहणाऱ्यांचा नाही. छत्तीसगडमधील रायपूर येथे, पंडरीच्या वस्तीवर आणि सभोवारच्या भातखाचरांवर वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो; डिडवान्याला त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. तरीही दोन्हीकडचा पाऊस एकाच मोसमी व्यवस्थेचा आहे. ती व्यवस्था किती क्षीण होऊ शकते, किती वेगाने परत येऊ शकते, आणि वारा व पाऊस यांची पावले नेहमी बरोबर पडतातच असे नाही, हे मोजमापाची साधने अस्तित्वात येण्यापूर्वीच्या काळासाठी सांगणारे साक्षीदार थोडे आहेत. पृथ्वीचे तापमान वाढत असताना मोसमी पावसाचे पुढे काय होईल, याची गणिते मांडणाऱ्यांना आपले गणित अशाच साक्षीदारांशी ताडून पाहावे लागते.

दुर्दैवाने हे साक्षीदार नाहीसे होत आहेत. कालव्याचे पाणी पोहोचले की जमीन सपाट करण्यासाठी टेकड्या कापल्या जातात. बांधकामासाठी वाळू आणि रस्त्यांसाठी कंकर खणून नेला जातो. शेतकऱ्याला सपाट शेत हवे असणे स्वाभाविक आहे, आणि प्रत्येक टेकडी राखून ठेवणे शक्यही नाही. पण ज्यांच्या पोटात दोन लाख वर्षांचा क्रम अखंड आहे अशी थोडी स्थळे तरी निवडून ती ऐतिहासिक वास्तूंप्रमाणे जतन केली पाहिजेत. वाळूचा कण एकदा उन्हात आला की त्याचे घड्याळ शून्यावर येते आणि त्याने सांगितले असते ते पुन्हा कोणालाही वाचता येत नाही.